कासऱ्यानं बांधलेली डोलकाठी

तिसऱ्या दिवशी, शेवटचा फेरा उरला असताना, आमची डोलकाठी पाण्यात आडवी झाली. मी होडीवर उताणा पडलो होतो, छातीवर ओलं शीड, आणि मागून माझी पोरगी सुकाणू धरून ओरडत होती, "अण्णा, लागलं का वो?" लागलं नव्हतं. पण आत्ता आभाळात असलेली काठी आत्ता पाण्यात कशी, हेच डोक्यात शिरत नव्हतं.

केजच्या बाजूला, आमच्या धरणावर कॅटामरानची तीन दिवसांची शर्यत होईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. दोन लांब डोण्या शेजारी ठेवायच्या, मधे जाड कापड ताणायचं, वर काठी आणि शीड, की झाली कॅटामरान. पोरगी वसतिगृहात राहून हे शिकली. जोडीला घरचं माणूस चालत होतं, म्हणून पुढं मी, मागं सुकाणूवर कप्तान ती. तिन्ही दिवस पुरे करणाऱ्या पहिल्या दोन होड्यांच्या कप्तानांना सराव शिबिरात घेणार होते. तिला तेवढंच हवं होतं. वर्षभर तिनं घरात दुसरा विषय काढला नव्हता.

होडी जुनी, मीच घेतलेली. मी बैलबाजारात दलाली करत वर आलो, आता जुने ट्रॅक्टर घेतो, विकतो. नवी वस्तू घ्यायला माझा हात धजत नाही. होडीवाल्याशी एवढा भांडलो की सौदा मोडायला आला, आणि तो कंटाळून "घ्या एकदाची" म्हणाला तेव्हा मी वर एक जादा पिन मागून घेतली. डोलकाठी तारांनी ताणलेली असते. ती तार होडीला धरून ठेवते ती ही पिन, बोटाएवढी.

पहिल्या दिवशी शीड फाटलं. मी काठावर बसून दाभणानं पोत्यासारखं शिवलं. लोक हसले, पण शीड टिकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आलो तर आमची जादा पिन साहित्याच्या डब्यात नव्हती.

"त्या दोघा भावांना दिली," पोरगी म्हणाली. भाऊ शहरातले, आमच्या मागोमाग तिसऱ्या नंबरावर. "त्यांची तुटली. काठावरच बसले असते ना."

"मंग बसू द्यायचं! बदल्यात काय घेतलं?"

"काय घेयाचं?"

"फुकट? ए माय, माझ्या घरात जन्मून तू फुकट दिली?"

"वरडू नका, लोक बघायलेत."

पलीकडून त्यातला एक पोरगा हात हलवून म्हणाला, "थँक यू काका!" मी तोंड फिरवलं.

आणि तिसऱ्या दिवशी आमची त्याच जागची पिन तुटली. वाऱ्यानं आम्हाला उथळाकडं लोटलं. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. रागानं ओरडलो, "दे आता पिन! काढ कुठून काढतीस ती!" पोरीचे डोळे भरले होते, पण हात तारेवरच होते. मग माझं लक्ष भाकरीच्या डब्याकडं गेलं. डबा मी कासऱ्यानं बांधला होता, बैल आवरायच्या अंबाडीच्या दोरानं. तो गाडीत असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. नायलॉन ओलं झालं की सुटतं, अंबाडी ओली झाली की आवळते. मी डबा सोडला. तिनं काठी खांद्यावर पेलून उभी केली, आणि मी बैलगाडीच्या दांडीला जू बांधतात तसे फेरे घालून तार होडीला बांधली. पाय देऊन ओढली. काठी हलली नाही.

"चला अण्णा," ती म्हणाली, आणि आम्ही गेलो. भावांच्या होडीच्या पुढं, दुसऱ्या नंबरानं. काठावर उतरून मी नुसता हसत होतो.

तासाभरानं समितीच्या बाईंनी बोलावलं. आमच्यावर तक्रार होती. नोंदवलेल्या साहित्याशिवाय दुसरं काही लावायचं असेल तर आधी परवानगी घ्यायची, असा नियम. कासरा नोंदवलेला नव्हता. तक्रार त्या दोघा भावांची.

मी खुर्चीवर बसलो तो उठेचना. बाईंशी घासाघीस करून पाहिली, दरडावून पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "नियम आहे, काका." आम्ही बाद. भाऊ दुसरे.

बाहेर येताच मला सुचलं. त्यांच्या होडीतली पिनसुद्धा नोंदलेली कुठं होती? ती आमच्या नावावर होती! "तू बी तक्रार कर. अजून येळ हाय. ते बी बाद, पुना बघू."

"नाही."

"कावून?"

"मीच दिली, आता मीच बोंब मारू?"

सही कप्तानाचीच चालत होती. मी तिला नवं शीड देतो म्हणालो, नवी होडी देतो म्हणालो, हो, नवी. ती बुटातलं पाणी ओतत बसली. वेळ संपली.

मी होडी गाडीवर चढवत होतो तेव्हा ते दोघे भाऊ आले. थोरल्यानं हात पुढं केला. तळहातावर आमची पिन, कोरडी, पुसून चकचकीत केलेली.

"काका, तुमची पिन. खूप उपयोग झाला."

एरवी बाजारात माझ्या तोंडाला कुणी लागून बघावं. पण त्या दिवशी मी नुसता त्या पोराच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो खरंच हसत होता. पोरगी पुढं झाली, पिन घेतली, "ठीक आहे" म्हणाली आणि कासरा सोडवून त्याच्या जागी ती घालायला लागली. कासरा सुटत नव्हता. ओल्यानं असा आवळला होता की शेवटी मला विळा आणावा लागला.

शिबिराला तो थोरला गेला. पोरगी पुढच्या शर्यतीची तयारी करतीय. साहित्याची नोंद या वेळी मी स्वतः करणार आहे, आणि पहिल्या ओळीत कासरा.