धर्माजींचं कुळथाचं मडकं

पोस्टकार्ड चार ओळींचं होतं, काशीदच्या मास्तरांनी लिहिलेलं. धर्माजी गेले, शेवटपर्यंत तुमची वाट पाहत होते. माझी वाट... महिना झाला, पण ती ओळ काही पाठ सोडत नाही.

धर्माजी चिऱ्याच्या खाणीतले कामगार. गावामागचा डोंगर त्यांनी अर्धं आयुष्य टिकावाने फोडला. खाण बंद पडल्यावर त्या लाल खड्ड्याकडे बघून म्हणायचे, "उघडा मी केला, झाकायला पन मीच पायजे." देश नुकता स्वतंत्र झालेला, मी शेतकी खात्यात नवा. खाणीत काजू लावायचं ठरलं. माती तपासायला मी मोठ्या ऐटीत बाटल्या घेऊन गेलो आणि काठावरच्या ढिगातूनच भरल्या. खरं सांगायचं तर, उन्हात खाली उतरायचा कंटाळा आला. धर्माजी हळूच म्हणाले, "साहेब, ही वरची काढून टाकलेली माती. झाडं तर खाली लावनार ना?" मी म्हटलं, "तपासणी आम्हाला शिकवू नका." अहवाल उत्तम आला. काजू खालच्या कातळावर लावले गेले आणि पहिल्याच उन्हाळ्यात झाडून सगळे जळाले.

चूक माझी, पण दटावलं मी त्यांनाच. "आता मी माती पाहिल्याशिवाय एक रोपही लावायचं नाही." त्या भल्या माणसाने ते शब्द गाठीला बांधले. पालापाचोळा, शेण, कुजकी मासळी टाकून ते खड्डा भरत राहिले. दर वर्षी तिथली माती फुटक्या मडक्यात घेऊन पडवीत कुळीथ पेरायचे. रोप तगलं तर माती जिवंत. मग मास्तरांकडून निरोप यायचा, कुळीथ तगलाय, येऊन बघा. मी 'येतो' कळवायचो. बदली झाली होती, कामं होती... छे, कसली कामं? तोंड दाखवायची लाज वाटत होती.

परवा गेलो. पडवीत मडकं होतं, कुळीथ हिरवागार. धर्माजींची सून म्हणाली, "मामंजी गेल्यावर मीच पानी घालते. साहेब बघतील, मंग झाडं लावू, असं बोललेले."

मी एक रोप उपटलं. मुळांवर टपोऱ्या गाठी होत्या. मेलेल्या मातीत कुळथाला अशा गाठी धरत नाहीत. कधीपासून असं येतंय, विचारलं.

"तीन सालं झाली," ती म्हणाली.

"लावा," मी म्हटलं. हा एक शब्द मला पोस्टकार्डावरही लिहिता आला असता.