मागाहून येणारी रेघ

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात मला सोळा वर्षं झाली आणि या सोळा वर्षांत एकही मशीन माझ्या टेबलावरून रडत परत गेलेलं नाही. मी हे फुशारकीने सांगत नाही. गिऱ्हाइकं सांगतात, मी फक्त त्यांना अडवत नाही. तेव्हा माझ्या हातून एक धडधाकट माणूस बिघडला, हे कबूल करणं मला किती जड जात असेल ते समजून घ्या. तो माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे भाऊजी.

भाऊजी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. पुढे काउंटरवर गोड बोलणारा मालक, मागे पडद्याआड भाऊजी. फ्रेम ठरली की गोल भिंग त्यांच्याकडे येतं. ते फिरत्या दगडावर, पाण्याच्या धारेखाली धरायचं आणि फ्रेममध्ये गच्च बसेल असं घासायचं. आता त्याची आपोआप चालणारी मशीनं निघालीत, त्यांच्या दुकानातही एक आहे. पण जाड नंबरचं भिंग नाजूक फ्रेममध्ये बसवायचं असलं की मालक अजून मुकाट्याने पडद्याआड जातो. पडद्याला एक फट आहे. तिच्यातून तीस वर्षं भाऊजींनी दारातून आत येणारे चेहरे पाहिलेत. लांबचं न दिसणारा माणूस डोळे बारीक करतो, जवळचं न दिसणारा मान मागे घेतो. डॉक्टरचा कागद बघायच्या आधीच भाऊजी अंदाज सांगून मोकळे होतात, आणि तो सहसा चुकत नाही.

असा माणूस संध्याकाळी घरी येऊन काय करतो? चेहरे काढतो. भाची कॉलेज संपवून नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर आणि पाटीसारखा एक पेन टॅब्लेट मागे टाकून गेली. पेन पाटीवर फिरवायचं, चित्र समोरच्या पडद्यावर उमटतं. भाऊजींनी गंमत म्हणून पेन उचललं, त्याला आता नऊ वर्षं झाली. रोज तास-दीड तास काढतात. त्यांचं झालं की ताई खुर्ची बळकावते. माझी ताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आणि आता गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळते, तोही दातओठ खाऊन. भाऊजी गेम खेळत नाहीत, मागे उभे राहून बघतात. एकदा ताईने बदल म्हणून लढाईचा गेम लावला, पडद्यावर तलवार घेऊन राक्षस धावून आला, तर म्हणाले, "याचा वार चुकणार बघ. डोळे कसे बारीक केलेत, याला लांबचा नंबर आहे."

याच वाक्यातून पुढचं सगळं निघालं. भाची एका गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचा एक छोटा गेम करते. तिने बापाचं ते बोलणं उचललं. गेममध्ये आपण चष्म्याचे दुकानदार. गिऱ्हाईक येतं, काही बोलत नाही. चेहरा बघून ओळखायचं की याचं दुखणं काय, आणि बरोबर भिंग द्यायचं. दिलं की त्याचं धूसर जग स्वच्छ होतं. चेहरे चोवीस, काढणार भाऊजी. नवीन गेमचं एक मोठं प्रदर्शन भरतं, तिथे तिला जागा मिळाली होती. मुलगी बापावर गेलेली, स्पष्ट बोलते. फोनवर म्हणाली, "बाबा, चोवीसच्या चोवीस आजपासून दोन आठवड्यांनी, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत हवेत. नाही आले तर मी तयार चेहरे विकत घेऊन लावणार. अर्धे एका हातचे आणि अर्धे दुसऱ्या हातचे असं चालत नाही."

म्हणजे एक जरी राहिला तरी सगळे बाद. भाऊजी म्हणाले, "रास्त आहे." पंधरा झाले होते, नऊ राहिले होते, आणि त्यांना काळजी अजिबात नव्हती. काळजी मला होती. कारण ते मशीन म्हणजे मशीन नव्हतं, दमेकरी म्हातारं होतं. पंखा घरघरायचा. एक फाइल उघडायला टाकून भाऊजी दाढी करून यायचे. पेन फिरवलं की रेघ पडद्यावर अर्ध्या सेकंदाने यायची, ओढत, लंगडत. असं मशीन माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात! ते दोघं शनिवार-रविवार ताईच्या नणंदेकडे गेले, आणि घराची किल्ली माझ्याकडेच असते. मी दोन दिवस खपून आतलं सगळं बदललं. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, नवी डिस्क, ग्राफिक्स कार्ड, आणि डोळे दिपतील असा मॉनिटर. टॅब्लेटही नवा. कुणाला विचारलं नाही. भेट द्यायची तर विचारायचं कशाला? जुनं सामान त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला देऊन टाकलं.

ताईने गाडी सुरू केली आणि पहिल्याच शर्यतीत पहिली आली. मला मिठी मारली. भाऊजींनी पेन टेकवलं, एक रेघ ओढली आणि म्हणाले, "वा. फारच जलद." मी ताठ मानेने घरी गेले.

बुधवारी दुपारी ताईचा फोन. "तुझ्या भाऊजींनी तीन दिवसांत एक नाक काढलंय. आणि तेही पुसलं."

मी बॅग उचलून गेले. पेन तपासलं, वायर तपासली, सेटिंग उलटंपालटं केलं. मग स्वतः पेन घेऊन रेघ मारली, दोरी ताणावी तशी सरळ. आणि माझ्या तोंडाला कुलूप कधीच नसतं, म्हणून बोलून गेले, "मशीन ठणठणीत आहे. नाचता येईना अंगण वाकडं."

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" ताई कडाडली. "नऊ वर्षं काढतायत ते. तुझ्या भेटीआधी येत होतं ना नाचता?"

भाऊजी मात्र हसले. "थांब गं. मेहुणीबाई चुकल्या नाहीत, फक्त उलटं बोलल्या. अंगण सरळ झालं, म्हणूनच नाचता येईना." मग त्यांनी मला शेजारी बसवलं आणि पेन हातात घेतलं. "हे बघ. दगडावर भिंग धरलं की ते दिसत नाही, पाणी उडत असतं. हाताला कळेल तसं घासायचं, उचलायचं, मग बघायचं. जुना कॉम्प्युटर तसाच होता. मी हात फिरवून पेन उचलायचो, रेघ मागाहून यायची. ती येईपर्यंत हात बिचारा मोकळा असायचा, त्याच्या मागे कोणी नसायचं. आता रेघ पेनाला चिकटून पळते. मी तिच्याकडे बघायला लागतो. इकडे गेली, तिकडे वळव, असं करत हात रेघेच्या मागे फरपटतो." त्यांनी एक गाल काढून दाखवला. नवशिक्या मुलाने पाटीवर कोरावा तसा दातेरी गाल होता तो.

नऊ वर्षं मी ज्याला रोग म्हणत होते, त्याच्यावर त्यांचा हात बसला होता. मी दोन दिवसांत तो रोग मुळापासून उपटला आणि भंगारात दिला. मला रडू आलं. स्वतःचा राग आला म्हणून की त्यांचं वाईट वाटलं म्हणून, मला ठरवता येईना. मी तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, बाई, ते सोमवारीच फुटलं.

"मग मी एक सोपी गोष्ट करते," मी म्हणाले. "छोटा प्रोग्राम टाकते. रेघ मुद्दाम अर्ध्या सेकंदाने उमटेल. अगदी पहिल्यासारखं."

"नको."

"अहो, दहा मिनिटांचं काम आहे."

"धडधाकट घोड्याच्या पायाला दगड बांधायचा? मशीन चांगलं आहे, ते चांगलंच राहू दे. हात माझा आहे. एकदा शिकला तसा परत शिकेल."

"नऊ दिवस उरलेत भाऊजी! नऊ चेहरे आहेत!"

"मग रोज एक," ते म्हणाले, जणू मीच गणितात कच्ची.

या माणसाचा आत्मविश्वास बघून मला कधीकधी डोकं आपटावंसं वाटतं. गुरुवारी त्यांनी डोळे मिटून काढून पाहिलं, तर कान गालाच्या खाली उतरला. शुक्रवारी पडद्यावर टॉवेल टाकला, तर पेन कुठे टेकवायचं तेच कळेना. शनिवारी दिवसभर नुसत्या वर्तुळांचा सराव केला, आणि वर्तुळं सगळी बटाट्यासारखी. मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून जात होते आणि रोज तोंड पाडून परत येत होते. ताईने गेम खेळणं सोडलं. भाऊजी मात्र जेवायला पोटभर जेवत होते.

रविवारी सकाळी ताई वैतागली, पण तिचा वैताग भलत्याच गोष्टीवर निघाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, आमच्या भाऊजींचा स्वतःचा चष्मा कायम कळकट. "दुनियेला स्वच्छ दाखवता, स्वतःच्या काचांवर बोटांचे ठसे!" म्हणत तिने त्यांच्या नाकावरून तो ओढून घेतला आणि खिडकीपाशी नेऊन पुसत बसली. त्यांचा नंबर जाडजूड, चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचं सगळं विरघळलेलं. रिकामा बसायचा स्वभाव नाही, म्हणून त्यांचं पेन चालूच राहिलं. मी त्यांच्या मागे उभी होते. पडद्यावर एका म्हातारीची हनुवटी उमटली. एका दमात, न अडखळता.

"भाऊजी, चष्मा घालू नका!" मी ओरडले.

ताईच्या हातून चष्मा पडता पडता राहिला. भाऊजींनी आणखी एक रेघ काढली, मग आणखी एक. नाक कुठे, कान कुठे, एवढं त्यांना धूसर दिसत होतं. रेघ तेवढी दिसत नव्हती, म्हणून हाताला तिच्या मागे धावता येत नव्हतं. दोन-चार रेघा झाल्या की चष्मा घालायचा, बघायचं, नको ती पुसायची, परत काढून ठेवायचा. ते दगडावरच्या कामाच्या लयीत आले. तासाभरात म्हातारीचा चेहरा पुरा झाला. जवळचं न दिसणारी, मान मागे घेतलेली, थोडी भांडखोर. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली, ती मेहुणीने मारू नये इतकी जोरात बसली.

पाच दिवस, आठ चेहरे. भाऊजींनी मालकाला सांगितलं, "दुपारनंतर मी नसेन, जाड नंबर सकाळी ठेवा." तीस वर्षांत अर्ध्या दिवसाची रजा त्यांनी मागितली नव्हती, मालक बघतच राहिला. मंगळवारपर्यंत तीन झाले, गुरुवारी सातवा. शुक्रवारी दुपारी चार वाजता शेवटचा, आणि पाचच्या सुमारास मी चोवीसच्या चोवीस फाइली भाचीला पाठवल्या.

दोन मिनिटांत तिचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"बाबा, मस्त झालेत! घेतले सगळे. थँक यू!"

मी टाळी वाजवायला हात उचलला. ताईने डोळे पुसले. भाऊजींचा चेहरा मात्र कडक झाला.

"दोन मिनिटांत चोवीस फाइली उघडल्यास?"

पलीकडून माउसची घाईघाईची टिकटिक ऐकू आली.

"मावशीने तुला सांगितलं ना, बाबांनी किती मेहनत घेतली ते?"

मी जमिनीकडे बघायला लागले. सांगितलं होतं. रोज सांगितलं होतं, रडून सांगितलं होतं.

"बाबा, तसं नाही..."

"तसंच आहे. माझी दया येऊन घेऊ नकोस. तुझ्या प्रदर्शनात लोक येणार आहेत, त्यांना काय माहीत मी कोण? काम बघून घे, बाप बघून घेऊ नकोस. तयार चेहरे जास्त चांगले असतील तर ते लाव. सहाला अजून वेळ आहे." आणि फोन ठेवला.

मला तर त्यांचा गळाच धरावासा वाटला. हातात आलेलं असं कोणी फेकतं का? भाऊजी खुर्चीत बसून राहिले, घड्याळाकडे न बघता. आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले आहेत. इतके दिवस जो माणूस पोटभर जेवत होता, तो आता घाबरला होता. पन्नास मिनिटं गेली.

सहाला पाच कमी असताना फोन वाजला. या वेळी भाचीचा आवाज कामाच्या माणसाचा होता.

"बाबा, सतरा नंबरची बाई. तिला लांबचं दिसत नाही असं लिहिलंय. मग ती मान मागे का घेते? डोळे बारीक करायला हवेत ना? खेळणारा फसेल, चुकीचं भिंग देईल."

भाऊजींनी चष्मा नाकावर सरकवला, सतरावा चेहरा उघडला आणि बराच वेळ बघत राहिले. तीस वर्षं पडद्याच्या फटीतून लोकांचे नंबर ओळखणारा माणूस!

"चूक आहे," ते म्हणाले. "साफ चूक."

"बाकीचे तेवीस मी तयार चेहऱ्यांच्या शेजारी लावून बघितले. तेवीस घेतले. हा परत काढा. एवढ्यासाठी मी उद्या सकाळी दहापर्यंत थांबते, त्यापुढे नाही."

"दहाच्या आत येईल."

फोन ठेवून ते आमच्याकडे वळले. एवढा आनंदलेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता, आणि त्यांचं काम नुकतंच परत आलं होतं.

"आता घेतलं तिने," भाऊजी म्हणाले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सतराव्या बाईची मान पुसायला लागले.