सासऱ्यांचा चित्रांचा पुठ्ठा

सासऱ्यांचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली, तेव्हा आम्ही करावे गावात राहत होतो. इस्पितळात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी चित्रं चिकटवलेला पुठ्ठा दिला. त्यावर ताट, पाणी, होडी, बाई, पुरुष, हो, नाही अशी चित्रं. म्हणाल्या, "त्यांची परीक्षा घेऊ नका. तुम्हीच बोलताना चित्रावर बोट ठेवा. बघून बघून शिकतील."

नवरा कारखान्यात, सासू मासळी विकायला. दिवसभर घरात मीच. आणि आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नसे. मी पदर ओढून गुपचूप बोट ठेवायची. पुढच्या खेपेला इस्पितळात मला तसं करताना बघून बाईंनी विचारलं, "आवाज कुठाय?"

"सून सासऱ्याशी बोलत नाय," सासू म्हणाली.

"मग कोण बोलणार? मांजर?"

सासू वाटभर धुसफुसली. घरी आल्यावर म्हणाली, "चुलीशी बोल. त्यांना आयकू जाईल."

मी पुठ्ठा त्यांच्या खाटेवर ठेवायची, तोंड चुलीकडे करायची आणि चित्रावर बोट ठेवून म्हणायची, "पाणी आणते गं चुली." शेजारीण दारातून बघून हसायची आणि संध्याकाळी सासूला म्हणायची, "तुजी सून येडी झाली का गो? चुलीला पानी पाजते!"

बरेच महिने काही झालं नाही. मग एका दुपारी सासऱ्यांनी डाव्या हाताचं बोट बाईच्या चित्रावर ठेवलं, मग ताटावर. मी भात आणला. त्यांनी तोंड फिरवलं. पुन्हा बाई, पुन्हा ताट. मला उशिरा कळलं. तू जेवलीस का, असं विचारत होते. त्या घरात मला हे कोणी विचारलं नव्हतं.

मी चूल विसरले. त्यांच्याकडे बघून म्हणाले, "नाय," आणि बोटही ठेवलं. ते ताटावरचं बोट काढेनात. मी जेवायला बसले तेव्हा काढलं.

त्यानंतर रोज थोडं बोलायचो. ते होडीवर बोट ठेवायचे. मी कोणाची होडी आली ते सांगायची. आयुष्यभर खाडीत गेलेला माणूस, त्याला तेच हवं होतं.

पावसाळ्यात दुसरा झटका आला आणि डावा हातही गेला. मी बोलत राहिले. पुठ्ठा धरला की त्यांचे डोळे एखाद्या चित्रावर जाऊन थांबायचे. मला वाटायचं, नुसते बघतात. तसेच वर्षभरात सासरे गेले.

पुढे नातीच्या शाळेत बोलता न येणारा, हात न हलणारा एक मुलगा पाहिला. तो चित्राकडे नजर लावायचा आणि त्याची आई त्याला उत्तर द्यायची. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन खूप आठवून पाहिलं, सासऱ्यांची नजर कोणत्या चित्रावर थांबायची. आठवत नाही.