सैल माती

आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत पाण्याची पाइप फुटली की तोच फिटर यायचा. कमरेवर हात ठेवून ओल्या रस्त्याकडं बघायचा, "पुन्हा हितंच!" म्हणायचा आणि खोदायला लागायचा. गळती बंद झाली की खड्ड्यात माती नुसती लोटून द्यायचा, वरून एक लाथसुद्धा मारायचा नाही. गाड्या रुतायच्या, आम्ही त्याच्यावर ओरडायचो. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं.

"दाबून काय करू, पावणं? पाइप माझ्या आज्ज्याच्या वयाची हाय. हितं बांधली की वीतभर पुढं फुटतीया. परत मलाच उकरायचं हाय की."

आणि खरंच, चार दिवसांत तो पुन्हा उकरत बसलेला दिसायचा.

परवा मात्र त्यानं माती भरली, वर पाणी मारलं आणि घामाघूम होईपर्यंत दोन्ही पायांनी तुडवली. बघून मलाच बरं वाटलं.

"मामा, नवी पाइप टाकली वाटतं?"

"न्हाय वो, तीच हाय," चपलेचा चिखल झटकत तो म्हणाला. "आज माझा नोकरीचा शेवटचा दिवस. आता उकरायला मी न्हाय की."