घरचंच काम

"बेन, तमारे तो आ घरनुं ज काम ने."

सोसायटीचे सेक्रेटरी हे म्हणाले आणि त्यांनी झाडू माझ्या हातात दिला. दिला म्हणजे काय, भिंतीला टेकवून ठेवला, दोन पावलं मागे सरकले आणि मी उचलेपर्यंत थांबले. नाकाला रुमाल. बाई, तुमचं तर हे घरचंच काम. मे महिना, सकाळचे दहा. बडोद्याच्या समा भागातली आमची सोसायटी, जिन्यात सहा-सात शेजारी उभे. कोणी हसलं नाही. हसले असते तर मला राग तरी आला असता.

मी झाडू उचलला.

वाचणाऱ्याने इथे मला दोन शिव्या घालाव्यात. मी अजून घालते. पंचावन्न वर्षांची होते तेव्हा. निम्मे केस पिकलेले, नवरा गेलेला, मुलीचं लग्न लावून दिलेलं, दोन फ्लॅटची मालकीण. आणि अक्कल? तीही बहुधा भाड्याने दिली होती.

मी पहिल्या मजल्यावर राहते. खालचा तीन नंबर आमच्या ह्यांच्या फंडातून घेतलेला. त्यात भाडेकरू होते रमणभाई. मकरपुऱ्याच्या कारखान्यात मशीनवर काम करणारा, पन्नाशीचा, शांत माणूस. बायकामुलं गावी. सकाळी कंपनीच्या बसने जायचे, संध्याकाळी येऊन रेडिओ लावायचे. त्या आठवड्यात तीन दिवस रेडिओ वाजला नाही आणि मला ते बरंच वाटलं. चौथ्या दिवशी वास आला. पोलिसांनी कडी तोडली. रक्ताची उलटी झाली होती, गादीपासून मोरीपर्यंत. कुठल्या आजाराने, ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. गावाहून भाऊ आला, त्याने देह नेला. खोलीत पाऊल टाकलं नाही. मी तरी कुठे टाकलं होतं? बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली.

पोलीस म्हणाले, घर तुमचं, साफ तुम्ही करून घ्या. बरोबर होतं ते. मालकिणीने करून घ्यायचं.

वर्षभरापूर्वी तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे भाडेकरू असेच दोन दिवसांनी सापडले होते. तेव्हा त्या फ्लॅटच्या मालकाला कोणी झाडू दिला नाही. सेक्रेटरींनी स्वतः फोन करून माणसं बोलावली. अंगभर पांढरे सूट, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हातमोजे, पिवळ्या पिशव्या. आम्ही सगळे गॅलरीत उभं राहून बघत होतो. मी तर चहाचा कप घेऊन.

मग मला झाडू का?

कारण माझी आई. बडोद्यातल्याच एका मोठ्या दवाखान्यात ती झाडूवाली होती. आम्ही शहाणे, आडनावाला शेवटी 'कर' लावून जात झाकून इथे राहायला आलो. वास्तूच्या दिवशी मी आईचा फोटो भिंतीवर लावला, हार घातला. सेक्रेटरींची बायको फोटोसमोर थबकली. ती माझ्याहून बरीच मोठी, आई कामावर असताना तिचं बाळंतपण त्याच दवाखान्यात झालेलं. "आ तो अमारा वॉर्डनी बाई," एवढंच म्हणाली आणि पेढा ताटलीत परत ठेवला. दुसऱ्या दिवशी मी फोटो उतरवला. तिथे धबधब्याचं कॅलेंडर टांगलं. आईच्या जागी धबधबा. वाहून जाऊ दे म्हटलं सगळं.

गेलं नाही. जिन्यात उभं होतं, झाडू होऊन.

मी नाही म्हणाले नाही, कारण नाही म्हटलं तर सेक्रेटरी असं का म्हणाले, हे मोठ्याने बोलावं लागलं असतं. सहा-सात जणांसमोर. त्यापेक्षा ती खोली बरी वाटली मला. रक्ताची भीती होती, पण नावाची जास्त होती.

रक्ताची भीतीही लहान नव्हती. आई दवाखान्यातून यायची तेव्हा आम्ही तिच्याजवळ जायचं नाही, असा तिचाच नियम. आधी न्हाणी, मग पोरं. वॉर्डात शिरण्याआधी ती काचेच्या बांगड्या काढून डब्याच्या झाकणात ठेवायची. रक्त बांगडीखाली बसतं, निघत नाही, म्हणायची. हातमोजे कोणी दिले नाहीत. एकदा कापसाच्या बोळ्यातली सुई तिच्या तळहातात घुसली. पावसाळ्यानंतर तिचे डोळे पिवळे झाले. दिवाळी तिने पाहिली नाही. मी बारा वर्षांची होते.

आणि तिने मला कधी झाडू धरू दिला नाही. घरातलासुद्धा नाही. तुझ्या हाताला हे कळताच कामा नये, म्हणायची.

हे सेक्रेटरींना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, रक्तातच असणार.

मी वर गेले आणि तयारी केली. ह्यांचा रेनकोट घातला. हाताला दुधाच्या रिकाम्या पिशव्या, रबर बँड लावून. डोक्यावर ह्यांचं स्कूटरचं हेल्मेट. आरशात पाहिलं तर लढाईला निघालेली भटारखान्यातली बाई. तशीच खाली उतरले. जिना रिकामा करून दिला सगळ्यांनी.

कुलूप काढलं. दार ढकललं.

ते मी नीट सांगू शकत नाही. माश्यांचा आवाज आधी आला. मी चौकट धरली.  जमिनीवर काळं, तडकलेलं, वाळलेलं. कोपऱ्यात रेडिओ. खिडकीत रमणभाईंचा चष्मा, घडी घालून ठेवलेला. त्या घडीने मला जास्त घाबरवलं. माणूस नीट झोपायला गेला होता.

मी झाडू मारला. कोरडाच. धूळ उडाली आणि हेल्मेटच्या काचेवर बसली. ती काय धूळ आहे हे लक्षात आलं तेव्हा मी ओरडले, पण हेल्मेटमध्ये ओरडलं की स्वतःलाच ऐकू येतं. मग ब्लीचिंग पावडर ओतली. वास मरेना. म्हणून वरून संडास धुवायचं अॅसिड ओतलं, अख्खी बाटली. जितकं जहाल तितकं बरं.

फस्स झालं. हिरवट धूर उठला. घशात कोणी सुरी फिरवावी तसं झालं. श्वास आत जाईना. दार कुठे आहे ते दिसेना. मला आठवतं, मी मनात म्हणत होते, आई, नाही येत गं मला. नाही येत.

रेनकोटची कॉलर धरून मला कोणीतरी ओढलं. मंजुळा होती ती. आमचा जिना झाडणारी, चाळिशीची. तिने हेल्मेट उपटलं, मला फाटकापर्यंत फरफटत नेलं, तोंडावर पाणी मारलं. बाकी सगळे वरच्या जिन्यात होते. तिथून सेक्रेटरी मंजुळाला म्हणाले, यांना जमत नाही, तू उरकून टाक.

आणि माझं काय झालं? मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगते. दम परत येताच मी पहिलं काम काय केलं असेल, तर मुठीत तसाच राहिलेला झाडू तिच्यापुढे धरला. म्हटलं, मंजुळा, तुला येतं ना गं हे.

तेच वाक्य. भाषा तेवढी माझी.

 तिने साडीचा पदर नाकाला बांधला. मग तिने हातातल्या बांगड्या काढल्या, एकेक करून, आणि मीटरच्या पेटीवर ठेवल्या.

काचेच्या. हिरव्या.

मी झाडू ओढून घेतला. ती दचकली. मी उठले, धूर बसेपर्यंत थांबले, नाक दाबून दार लावलं, कुलूप घातलं आणि दारासमोर मांडी घालून बसले. रेनकोटसकट. सेक्रेटरी खाली आले. मी त्यांना जे गुजरातीत सांगितलं ते इथे मराठीत लिहिते, म्हणजे मला पुन्हा एकदा म्हणता येईल.

"हे माझ्या आईचं काम होतं. त्यात ती मेली. मला येत नाही. हिलाही येत नाही, हिच्याकडून करून घेतलं जातं. तिसऱ्या मजल्यासाठी ज्यांना बोलावलंत, त्यांना बोलवा. मालकीण मी आहे. किल्ली माझ्याकडे आहे."

ते म्हणाले, वास किती सुटलाय बघा. मी म्हटलं, बघते आहे, मी सगळ्यात जवळ बसले आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढऱ्या सूटवाले आले. तोपर्यंत मी दारातून हलले नाही. जेवायला फक्त मंजुळाने आणून दिलं. बांगड्या हातात चढवताना तिने विचारलं होतं, "मासी, मारी नोकरी जशे तो?" मी म्हटलं, नोकरी नाही जाणार. बघा, अक्कल अजून पूर्ण आली नव्हती. दोन महिन्यांनी तिला काढलं. कारण सांगितलं नाही. मी भांडले, तिला परत आणू शकले नाही. आता दुसरी आहे. तिच्याही हाताला मोजे नाहीत, मी आणून दिले ते सोडून.

धबधबा उतरवला. आई परत भिंतीवर आहे. घरी येणाऱ्याला मी आधीच सांगते, ही दवाखान्यात झाडूवाली होती. पेढा घ्यायचा तर घ्या. दरवर्षी सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडते, असं काम मोजे-सूटशिवाय कोणाकडूनही करून घ्यायचं नाही. दरवर्षी तो पडतो. सेक्रेटरी आता मला पाहून दुसऱ्या जिन्याने जातात. आमच्या इमारतीला दुसरा जिना नाही, म्हणून थांबून राहतात बिचारे.

भीती गेलेली नाही. तीन नंबरमध्ये नवे भाडेकरू आहेत आणि एखाद्या दिवशी त्यांचा आवाज आला नाही की मी खाली जाऊन त्यांची बेल दाबते. किल्ली माझ्यानंतर नातीकडे जाईल. तिला मी सांगून ठेवलंय. त्या दारातून उघडा हात आत जाणार नाही. तुझा नाही, जिना झाडणारीचा नाही, कोणाचाच नाही. मोजे-सूटवाले येईपर्यंत दार बंद. वास सुटला तर सुटू दे. तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊ दे.