अकरा किलो हवा

गॅसच्या खोलीतला भोंगा वाजला की पान्हाकाका उठायचे, आणि तो दुसऱ्यांदा वाजायच्या आत रिकामा सिलिंडर सुटून भरलेला लागलेला असायचा. नायट्रस म्हणजे भूल देताना वापरतात तो गॅस. तळमजल्यावरच्या सिलिंडरमधून भिंतीतल्या तांब्याच्या नळीने तो वर ऑपरेशन थिएटरात जातो. बावीस वर्षांत एकाही डॉक्टरला तो संपल्याचा पत्ता लागला नव्हता. काकांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी घेत नसे. कमरेला सदा पान्हा, म्हणून पान्हाकाका.

याच चपळाईने त्यांचा घात केला. नव्या भूलतज्ज्ञ मॅडमनी मीटिंगमध्ये सांगितलं, की महिन्याकाठी दोन-तीन पेशंटनाच नायट्रस लागतो; हवेत सुटला तर हा गॅस पृथ्वी तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट भारी पडतो. स्टोअरकीपरने लगेच रजिस्टर उघडलं. आठवड्याला दोन सिलिंडर रिकामे.

"पेशंटला जात नाही, मग जातो कुठे?" तो म्हणाला. "खोलीची किल्ली कुणाकडे असते, मी वेगळं सांगायला नको."

सगळ्या माना एकदम काकांकडे वळल्या. माल कमी पडला की पहिली मान कामगाराचीच धरायची, ही रीत जुनीच. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी काकांना कागद देऊन आठवड्याभरात लेखी खुलासा मागितला.

घरी ते न जेवताच बसून राहिले. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि फणकाऱ्याने म्हणाली, "चोर असता तर मोरीतला गळका नळ तरी एव्हाना बदलला असता. भरली बादली की ओता, भरली की ओता. नळाकडे बघतंय कोण?"

काका मोरीत जाऊन त्या नळासमोर उभे राहिले. आपणही बावीस वर्षं बादलीच तर बदलत होतो. भोंगा दोनदा वाजू दिला असता, एकदा तरी उशीर केला असता, तर कुणीतरी विचारलं असतं, की हा इतका वाजतो का?

त्याच आठवड्यात रंगकामासाठी थिएटर दोन दिवस बंद राहणार होतं. काकांनी धुलाईखान्यातला वजनकाटा ओढत आणला, सगळ्यांसमोर भरलेला सिलिंडर तोलला, आकडा खडूने भिंतीवर लिहिला, सिलिंडर नळीला जोडला आणि खोलीची किल्ली मॅडमच्या हातात ठेवली.

दोन दिवसांनी मॅडमनी कुलूप उघडलं. स्टोअरकीपर आधी दाबाच्या घड्याळाकडे धावला. काटा जागच्या जागी. त्याला हसू आवरेना. गळती कसली नि कसलं काय, म्हणाला.

"साहेब, नायट्रस आत दाबाने पातळ, पाण्यासारखा झालेला असतो," काका म्हणाले. "शेवटचा घोट उरेपर्यंत हा काटा हलत नाही. हे कळायला सिलिंडर खांद्यावर घ्यावा लागतो."

त्यांनी सिलिंडर वजनकाट्यावर चढवला. अकरा किलो कमी. वर थिएटरला टाळं, पेशंट एकही नाही, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. स्टोअरकीपरचं हसू तोंडातच विरलं.

मग काका शिडी आणि साबणाचं पाणी घेऊन नळीच्या मागे लागले. छताच्या वर एका सांध्यावर फेस नुसता उकळत होता. पुढे आणखी एक, पुढे आणखी तीन. साहेब लोक म्हणाले, सांधे बदलून टाका. काका म्हणाले, नळीच बंद करा. दोन-तीन पेशंटसाठी अख्ख्या इमारतीला गॅस कशाला पाजायचा? मॅडमनी मान डोलावली. भुलीच्या मशीनला एक लहान सिलिंडर लावला, आणि काकांनी स्वतःच्या हाताने मोठा व्हॉल्व्ह करकचून आवळला.

तो लहान सिलिंडर चार महिने पुरला. भोंग्यावर धूळ बसली. खुलासा मागितल्याचा कागद मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत फाडला, आणि शेजारच्या दोन हॉस्पिटलांतून काकांना बोलावणं आलं: या, आणि तुमचा वजनकाटाही आणा.

निघायच्या दिवशी स्टोअरकीपर खाली मान घालून, मॅडमकडून आणलेली गॅसच्या खोलीची किल्ली परत द्यायला आला.

"ठेवा तुमच्याकडेच," काका पान्हा कमरेला खोचत म्हणाले. "आता आत चोरण्यासारखं काही उरलेलं नाही."