अष्टमीच्या भरतीचा प्रोग्रॅम

चंद्रभागा केणे मानपाड्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. १९९८च्या नोव्हेंबरात रिक्षातून उतरताना ती पडली आणि कल्याणच्या डॉक्टरांनी तिचा उजवा पाय प्लॅस्टरमध्ये घातला. दुखण्यापेक्षा तिला घोर लागला तो ठाण्यातल्या 'जावा' या कॉम्प्युटरच्या भाषेच्या कोर्सचा. जूनपासून शाळेत कॉम्प्युटर हा नवा विषय येणार होता. कोर्स पुरा केलास तर विषय तुलाच, असं मुख्याध्यापकांनी कबूल केलेलं. शेवटचा प्रोजेक्ट तेवढा राहिला होता, बुधवारपर्यंत द्यायचा. तो क्लासच्या लॅबमध्ये बसून करायचा, आणि तिला तर दारातली पायरी उतरणंही मुश्कील.

मावसभाऊ परशुरामने शनिवारी एक जुना लॅपटॉप आणून दिला. त्याच्या ऑफिसातून निघालेला, जडशीळ, बॅटरी मेलेली.

"वायर लावून ठेव, बंद नाय पडणार," एवढं सांगून तो गेला.

क्लासमध्ये सगळे एका मोठ्या, रंगीत सॉफ्टवेअरवर काम करायचे. रविवारी सकाळी तिने सीडी घालून तेच लॅपटॉपवर चढवलं. सुरू व्हायलाच बारा मिनिटं लागली. मग एक अक्षर दाबायचं आणि ते पडद्यावर कधी उमटतंय याची वाट बघायची. दुसऱ्यांदा मशीन जागच्या जागी अडकलं तेव्हा तिने क्लासच्या रतन मॅडमना घरी फोन लावला.

"मेमरी किती आहे त्यात?" मॅडमनी विचारलं.

"सोळा एमबी."

"अगं, मग ते नकोच. काढून टाक. त्याच सीडीवर नुसतं जेडीके आहे, जावा चालवायला लागतं तेवढंच, ते टाक. प्रोग्रॅम नोटपॅडमध्ये लिही आणि डॉसच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करून चालव."

"पण मार्क कमी पडतील ना, मॅडम? बाकीच्यांचं सगळं त्या मोठ्या सॉफ्टवेअरमधलं."

"तुझा प्रोग्रॅम चालला पाहिजे. कशात लिहिलास ते कोण विचारतंय?"

जेडीके पटकन बसलं. पण कमांड दिली की एकच उत्तर: बॅड कमांड ऑर फाइल नेम. लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारा कंपायलर कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलाय ते मशीनला ठाऊकच नव्हतं. क्लासची वही उलटून तिने तो पत्ता, मशीन सुरू होतानाच वाचतं त्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये लिहिला आणि मशीन पुन्हा चालू केलं. आता कंपायलर जागा झाला, पण म्हणायला लागला, तुझी फाइलच सापडत नाही. फाइल तर समोर दिसत होती! दोन तास ती नाव खोडत होती, पुन्हा लिहीत होती. डोळे भरून आले.

वडील राघो ओटीवर बसले होते. सारा जन्म त्यांनी मिठागरात काढलेला.

"कोनाशी भांडतंस गो बाय?"

"फाइल डोळ्यांसमोर आहे, बाबा, आणि हा बोलतो नाहीच."

बोलता बोलता तिने डॉसमध्ये फोल्डरची यादी काढली. तिथे पूर्ण नाव दिसलं. तिने ठेवलेल्या नावापुढे नोटपॅडने आपलं 'डॉट टीएक्सटी' चिकटवलं होतं. तिने ते काढलं. कंपायलर एक अक्षर न बोलता काम करून मोकळा झाला.

प्रोजेक्टही तिने वडिलांच्याच हिशोबाचा घेतला होता. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. तिने अष्टमी म्हणून आठ टाकले. पडद्यावर आलं, शून्य.

"आलं! बाबा, उत्तर आलं!" ती ओरडलीच.

राघो उठून आत आले. पडद्यावरचा शून्य बघून म्हणाले, "अष्टमीला भरती सहाला येते. तुजं मशीन खोटं बोलतंय."

"मशीन बरोबर आहे. चूक माझी आहे." ती हसत होती. दिवसभरात पहिल्यांदाच चूक गणिताची निघाली होती, आणि गणिताला ती कधी घाबरली नव्हती. पाऊण म्हणजे तीन भागिले चार; ते आधी केल्यावर मशीन अपूर्णांक टाकून देतं, पूर्णांकात शून्यच उरणार. तिने आधी गुणाकार घेतला, मग भागाकार. सहा आले.

"आता बरोबर," राघो म्हणाले.

बुधवारी परशुरामने फ्लॉपी ठाण्याला पोचवली, प्रोजेक्ट पास झाला, जूनमध्ये विषयही तिला मिळाला. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी तिने आईकडे भात मागितला, पलंगावर बसूनच दोनदा वाढून घेतला, आणि प्लॅस्टरचा पाय उशीवर टाकून दिवेलागणीपर्यंत गाढ झोपली.